शिकलेले आणि पैसेवाले जास्त मतदान करतात का? पाच डेटासाधनांची पारख

निवडणूक जवळ आली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "शिकलेली माणसं घरात बसतात, रांगा गरीबच लावतात." दुसरं, "शिक्षण आणि उत्पन्न वाढलं की मतदान वाढतं, हे जगभर सिद्ध झालंय." दोन्हींच्या मागे खरे आकडे असतात. अमेरिकेत २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांपैकी ८२.५ टक्क्यांनी मतदान केलं, तर केवळ हायस्कूल पूर्ण केलेल्यांपैकी ५२.५ टक्क्यांनी. त्याच वर्षीच्या लोकसभेला मुंबई दक्षिणमध्ये ५०.०६ टक्के मतदान झालं आणि गडचिरोली-चिमूरमध्ये ७१.८८ टक्के. पण ऊस, दूध आणि कारखानदारीवर सधन झालेल्या कोल्हापुरातही ७१.५९ टक्के झालं. गडचिरोली आणि कोल्हापूर यांच्या उत्पन्नात मोठं अंतर आहे, मतदानात मात्र अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात वरच्या रांगेतलं, आणि तिथे सुमारे ७६ टक्के मतदान झालं.

हे आकडे एकमेकांशी भांडतात असं वाटतं, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. अमेरिकेचा आकडा एकेका माणसाला विचारून आलेला आहे, आपला मतदारसंघाच्या बेरजेतून. म्हणून या विषयावर लेख, प्रबंध किंवा बातमी लिहिणाऱ्याने निष्कर्षाच्या आधी साधन पारखलं पाहिजे. इथे पाच साधनं तपासली आहेत: अमेरिकेच्या जनगणना विभागाची मतदान-पुरवणी, दिल्लीच्या लोकनीती-सीएसडीएसचं राष्ट्रीय निवडणूक सर्वेक्षण, अशोका विद्यापीठाचं 'लोक ढाबा', डेव्हलपमेंट डेटा लॅबचा 'श्रग' हा गाव-शहरनिहाय डेटासंच आणि आपल्या निवडणूक यंत्रणेचा फॉर्म २०, म्हणजे केंद्रनिहाय निकालपत्रक. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. वेळ मात्र प्रत्येक जण वेगवेगळ्या ठिकाणी खातो.

सीपीएसची मतदान-पुरवणी: सर्वांत नीटनेटकी, तरी आंधळेपणाने वापरू नये अशी

'करंट पॉप्युलेशन सर्व्हे' (सीपीएस) ही अमेरिकेतली रोजगाराची मासिक पाहणी. सम वर्षांतल्या नोव्हेंबरात तिला मतदानाचे प्रश्न जोडले जातात. १९६४ पासून हे अखंड चालू आहे. साधारण ६० हजार घरांचा नमुना, त्यात शिक्षण, कुटुंबाचं उत्पन्न, वय, वंश, नागरिकत्व, व्यवसाय, त्या पत्त्यावर किती काळ राहतात, हे सगळं एकाच ओळीत. उत्पन्न आणि मतदान यांचा संबंध पाहायला इतकी मोठी आणि इतकी सलग दुसरी मालिका आमच्या माहितीत नाही.

वापरायचे दोन रस्ते आहेत. घाई असेल तर जनगणना विभागाच्या संकेतस्थळावरचे तयार तक्ते घ्यावेत. तक्ता ५ शिक्षणाचा, तक्ता ७ उत्पन्नाचा, दोन्ही एक्सेलमध्ये मिळतात. पहिला खड्डा तक्ता ७ मध्येच आहे: तो कुटुंबात राहणाऱ्यांपुरता आहे. एकटे राहणारे आणि नाते नसलेल्यांबरोबर खोली वाटून घेणारे त्यात येत नाहीत. २०२० च्या निवडणुकीबद्दल सांगितलं जाणारं "१ लाख ते १ लाख ४९ हजार ९९९ डॉलर गटात ८१ टक्के, ३० ते ४० हजार गटात ६३.६ टक्के" हे अंतर याच प्रकारच्या तक्त्यातलं. एकट्या राहणाऱ्या तरुण भाडेकरूंचा गट बाहेर ठेवून काढलेला आकडा 'सर्व मतदारांचा' म्हणून छापू नये.

दुसरा रस्ता मूळ नोंदींचा. मिनेसोटा विद्यापीठाच्या 'आयपम्स' संकेतस्थळावर मोफत खातं उघडायचं, हव्या त्या वर्षांचे नोव्हेंबरचे नमुने निवडायचे, मतदान, नोंदणी, शिक्षण, कुटुंब-उत्पन्न, वय आणि नागरिकत्व हे कॉलम घ्यायचे आणि मतदान-पुरवणीचा भारांक (नमुन्यातला एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी आहे तो आकडा) न विसरता जोडायचा. फाइल तयार झाली की ईमेल येतो. जनगणना विभागाची कच्ची फाइल थेट घेतली तर भारांकात दशांशचिन्ह छापलेलं नसतं, शेवटचे चार अंक दशांशाचे मानायचे असतात. आकड्याला १०,००० ने भागलं नाही तर टक्केवारी बरोबरच येते, पण लोकसंख्या दहा हजार पटीने फुगते. बेरीज करून पाहिली नाही तर ही चूक शेवटपर्यंत लपून राहते.

यानंतरची चाळणी अशी: वय १८ आणि पुढे, नागरिक नसलेले बाहेर. आयपम्समध्ये मतदानाच्या कॉलमला १ म्हणजे केलं नाही, २ म्हणजे केलं, ९६ नकार, ९७ माहीत नाही, ९८ उत्तर नाही, ९९ प्रश्न लागू नाही. ९९ काढायचेच. खरा प्रश्न ९६, ९७ आणि ९८ चा. जनगणना विभाग या तिघांनाही छेदात ठेवतो, म्हणजे प्रत्यक्षात त्यांना मतदान न केलेले धरतो. समजा १०० जणांपैकी ६० जण 'केलं', २५ जण 'नाही' म्हणाले आणि १५ जणांनी उत्तरच दिलं नाही. विभागाच्या रीतीने ६० टक्के, उत्तर न देणारे वगळले तर ७०.६ टक्के. उत्तर न देणाऱ्यांचा वाटा वर्षागणिक आणि राज्यागणिक बदलतो, त्यामुळे दोन वर्षांची तुलना करताना निव्वळ या पद्धतीनेच मतदान 'घटलं' किंवा 'वाढलं' असं दिसू शकतं. तक्त्यांमध्ये 'उत्तर नाही' हा कॉलम स्वतंत्र दिलेला आहे. दोन्ही रीतींनी काढावं आणि वापरलेली रीत लिहावी.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. घरातला एकच जण सगळ्यांच्या वतीने उत्तरं देतो, आणि मत न दिलेले काही जण 'दिलं' म्हणून सांगतात. २०१६ मध्ये या पाहणीनुसार १३ कोटी ७५ लाख लोकांनी मतदान केलं, तर अध्यक्षपदासाठी प्रत्यक्ष मोजलेली मतं १३ कोटी ६७ लाखांच्या आसपास होती. २०२० मध्ये उलटं झालं: पाहणीत १५ कोटी ४६ लाख, मोजणीत १५ कोटी ८४ लाख. म्हणजे वाढवून सांगणं आणि उत्तर न देणं या दोन चुका एकमेकींना खातात, आणि कोणती वरचढ ठरेल हे आधी सांगता येत नाही. आपल्या विषयासाठी यातली पहिली जास्त घातक. मतदारयादीवरच्या प्रत्यक्ष नोंदींशी उत्तरं ताडून पाहणाऱ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे, की मत न देता 'दिलं' म्हणणाऱ्यांत शिकलेल्यांचं प्रमाण जास्त असतं. मतदान हे कर्तव्य आहे हे त्यांच्या मनावर जास्त बिंबलेलं असतं, म्हणून नकार देणं जड जातं. त्यामुळे विचारून काढलेल्या आकड्यांत शिक्षणाचा चढ असतो त्याहून उभा दिसतो. चढ खोटा नाही, पण ८२.५ आणि ५२.५ मधले तीसच्या तीस टक्के-गुण खरे धरू नयेत.

उत्पन्नाच्या कॉलमची मर्यादाही लक्षात ठेवावी. उत्पन्न गटांत विचारतात आणि सर्वांत वरचा गट '१ लाख ५० हजार डॉलर आणि त्यापुढे' एवढाच आहे. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोत दोन पगार असलेलं साधं कुटुंब आणि कोट्यधीश एकाच खान्यात पडतात. अतिश्रीमंतांच्या मतदानाबद्दल या साधनातून काहीही बोलता येत नाही. आणि मत कोणाला दिलं, हा प्रश्न यात नाहीच. त्यासाठी 'कोऑपरेटिव्ह इलेक्शन स्टडी' घ्यावी. २००६ पासून चालू, २०२० चा नमुना ६० हजारांवर, ऑनलाइन, हार्वर्डच्या डेटाव्हर्सवरून मोफत, शिवाय उत्तरं मतदारनोंदींशी ताडलेली. गोऱ्या मतदारांत पदवीधर आणि बिनपदवीधर यांची पक्षनिष्ठा कशी दुभंगली, हे पाहायला तेच साधन योग्य.

अमेरिकेत हा चढ का आहे, याचं उत्तर बरंचसं नोंदणीत सापडतं. तिथे नॉर्थ डकोटा सोडून सगळीकडे आधी नाव नोंदवावं लागतं, आणि घर बदललं की ते अद्ययावत करावं लागतं. भाड्याच्या घरात राहणारा, वरचेवर पत्ता बदलणारा, मतदानाच्या मंगळवारी कामाची पाळी चुकवू न शकणारा कामगार यातच गळतो. म्हणून विश्लेषण करताना दोन पायऱ्या वेगळ्या कराव्यात: नागरिकांपैकी नोंदलेले किती, आणि नोंदलेल्यांपैकी मतदान केलेले किती. दोन्ही कॉलम तक्त्यात आहेत. दुसऱ्या पायरीवर उत्पन्नगटांतलं अंतर कमी होतं, आणि ते किती कमी झालं हाच बातमीचा गाभा असायला हवा.

आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे. इथे मतदारयादीचं काम पाहणारा केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) घरी येणं अपेक्षित असतं, केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावं असा दंडक आहे, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळते. गरिबाने मत देण्यासाठी मोजायची किंमत राज्याने मुद्दाम कमी केली आहे. अमेरिकेतला चढ जसाच्या तसा भारताला लावणारे लेख याकडे डोळेझाक करतात.

लोकनीतीचं सर्वेक्षण: भारतात माणसाच्या पातळीवर दुसरा पर्याय जवळपास नाही

सीएसडीएस (सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज) ही १९६३ पासूनची संस्था, लोकनीती हा तिचा निवडणूक-अभ्यासाचा कार्यक्रम. तिची निवडणूक सर्वेक्षणं १९६७, १९७१ आणि १९८० मध्ये झाली आणि १९९६ पासून प्रत्येक लोकसभेला होत आली आहेत. महाराष्ट्राशी नातं जवळचं: सुहास पळशीकर लोकनीतीचे सहसंचालक, आणि राज्यातल्या अभ्यासात पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचा मोठा वाटा.

पद्धत अशी: आधी मतदारसंघ निवडतात, मग त्यातली मतदान केंद्रं, मग त्या केंद्राच्या मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं. मुलाखत घरी, समोरासमोर, स्थानिक भाषेत. मत कोणाला दिलं हे तोंडी विचारत नाहीत. चिन्हं छापलेली नमुना मतपत्रिका देतात आणि ती घडी घालून डब्यात टाकायला सांगतात. शेजारी-पाजारी भोवती उभे असताना हा साधा उपाय फार मोलाचा आहे. २०१९ मध्ये २११ लोकसभा मतदारसंघांत २४,२३६ मतदारांच्या मुलाखती झाल्या होत्या.

उत्पन्नाची मोजणी हा या साधनाचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग. महिन्याचं घरगुती उत्पन्न विचारलं जातं, पण शेतकरी, रोजंदार आणि दुकानदार यांचं उत्तर भरवशाचं नसतं हे गृहीत धरून व्यवसाय, घराचा प्रकार आणि घरातल्या वस्तू जोडून गरीब, निम्न, मध्यम आणि वरचा असे चार आर्थिक वर्ग बनवले जातात. शिक्षणाचेही चार टप्पे: निरक्षर, प्राथमिकपर्यंत, मॅट्रिकपर्यंत, महाविद्यालय आणि पुढे. तुलना करताना एक पथ्य पाळावं: वस्तूंची यादी काळाबरोबर बदलते, म्हणून १९९९ चा 'मध्यम' आणि २०१९ चा 'मध्यम' एकच समजू नये.

यातून निघालेलं चित्र तीन दशकांत फारसं डळमळलेलं नाही. भारतात उत्पन्न किंवा शिक्षणाबरोबर मतदान चढत जात नाही. नव्वदच्या दशकात गरीब आणि कमी शिकलेले थोडे पुढेच होते. राज्यशास्त्रज्ञ योगेंद्र यादवांनी त्याच आकड्यांवरून मागास आणि वंचित समूहांच्या दुसऱ्या लोकशाही उठावाची मांडणी केली. पुढे, विशेषतः २०१४ मध्ये, ही दरी बरीच बुजली. टिकून राहिलेला फरक आहे तो गाव आणि शहर यांच्यातला.

त्रुटी तीन. पहिली, इथेही मतदान वाढवून सांगितलं जातं, अमेरिकेसारखंच. दुसरी, नमुना मतदारयादीतून येत असल्यामुळे यादीत नावच नसलेला माणूस दिसत नाही, आणि यादीत असूनही बंद फ्लॅटमधला किंवा फाटकावरच्या रखवालदाराच्या पलीकडचा माणूस भेटत नाही. शहरी श्रीमंतांबद्दलचे आकडे म्हणून जपून वापरावेत. तिसरी त्रुटी वापरणाऱ्याची: राज्यपातळीवर कप्पे पाडत जाणं. महाराष्ट्राच्या नमुन्यातून 'वरचा वर्ग, पदवीधर, शहरी' असा कप्पा काढला आणि त्यात ६० माणसं उरली, तर अंदाजात अधिक-उणे सुमारे १३ गुणांची चूक संभवते. नमुना केंद्राकेंद्रांत गोळा केलेला असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. चार गुणांच्या फरकावर अशा कप्प्यातून मथळा बांधू नये. शिवाय पक्षांचा एकूण वाटा प्रत्यक्ष निकालाशी जुळवून भारांक लावलेले असतात, म्हणून "सर्वेक्षण निकालाशी तंतोतंत जुळलं" हे त्याच्या अचूकतेचं प्रमाण मानता येत नाही.

तक्ते वर्तमानपत्रांतून आणि संशोधन-नियतकालिकांतून प्रसिद्ध होतात. मूळ नोंदींसाठी संस्थेच्या डेटा विभागाकडे अर्ज करावा लागतो. आयपम्ससारखी दोन तासांत फाइल हातात पडण्याची सोय नाही. सार्वजनिक विषयावरच्या इतक्या मौल्यवान डेटासाठी ही सोय व्हायला हवी, असं आमचं ठाम मत आहे.

लोक ढाबा: मतदानाचा टक्का हवा असेल तर इथे, उत्पन्न हवं असेल तर इथे नाही

अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरने १९६२ पासूनच्या लोकसभा आणि विधानसभांचे निकाल स्वच्छ करून एका ठिकाणी ठेवले आहेत. निवडणूक आणि राज्य निवडलं की सीएसव्ही फाइल उतरते. आयोगाच्या पीडीएफांशी झटापट केलेल्या माणसाला याचं मोल सांगायला नको.

फाइल उघडल्यावर लगेच करायच्या गोष्टी: प्रत्येक ओळ उमेदवाराची असते आणि मतदारसंघाचा टक्का प्रत्येक ओळीत पुन्हा छापलेला असतो. सरळ सरासरी काढली तर २०२४ मध्ये ४१ उमेदवार असलेलं बीड ४१ वेळा मोजलं जातं. म्हणून क्रमांक १ च्या ओळीच ठेवाव्यात, आणि सरासरी काढताना मतदारसंख्येचा भार द्यावा. पोटनिवडणुकांसाठी वेगळा कॉलम आहे, त्यात शून्य नसलेल्या ओळी बाजूला काढाव्यात, कारण पोटनिवडणुकीच्या टक्क्याचा स्वभाव वेगळा असतो. टक्का वैध मतांवरून काढलेला असतो, त्यामुळे आयोगाच्या आकड्याहून दशांशात फरक पडला तर दचकू नये.

मोठा धोका २००८ च्या मतदारसंघ-पुनर्रचनेचा. कराड लोकसभा मतदारसंघ तेव्हा संपला, खेडच्या जागी शिरूर आला. हे निदान नावावरून कळतं. नाव तेच राहून हद्द बदललेले मतदारसंघ जास्त फसवतात. १९९९ ते २०२४ अशी एका मतदारसंघाची रेषा काढण्याआधी हद्द तपासलीच पाहिजे.

मतदारसंघांचे तक्ते जोडताना ओळ सरकली तर काय होतं, हे ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्या राज्याने पाहिलं. लोकनीतीचे दुसरे सहसंचालक संजय कुमार यांनी महाराष्ट्रातल्या काही विधानसभा मतदारसंघांची मतदारसंख्या सहा महिन्यांत प्रचंड घटली-वाढली असे आकडे समाजमाध्यमावर टाकले, आणि दोन दिवसांत ते मागे घेऊन माफी मागितली. ओळी चुकीच्या वाचल्या गेल्या होत्या. अनुभवी संस्थेच्या हातून हे घडू शकतं, तर नवख्याने नावावरून जोडणी करूच नये. राज्य-क्रमांक आणि मतदारसंघ-क्रमांक मिळून किल्ली (दोन तक्ते जोडणारा सामाईक क्रमांक) बनवावी, जोडल्यावर महाराष्ट्राच्या ४८ किंवा २८८ ओळी आल्या का ते मोजावं, आणि मतदारसंख्येत १० टक्क्यांहून जास्त फरक दिसणारी प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावी.

आता मुख्य सूचना. मतदारसंघाच्या टक्क्यावरून माणसाच्या उत्पन्नाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. मुंबई दक्षिणचे ५० टक्के पाहून "श्रीमंतांनी मतदान टाळलं" असं लिहिलं जातं. पण त्या मतदारसंघात मलबार हिल आणि कुलाब्याबरोबर वरळी, शिवडी, भायखळा आणि मुंबादेवीही आहेत. टॉवरमधले किती आले आणि चाळीतले किती, हे त्या एका आकड्यात दिसत नाही. टॉवरमधले आले आणि चाळीतले आले नाहीत, तरीही बेरीज पन्नासच भरू शकते.

श्रग: उत्पन्नाची उणीव बरीच भरून काढणारं, पण २०११ मध्ये थांबलेलं

आपली जनगणना उत्पन्न विचारत नाही. गावपातळीवर साक्षर-निरक्षर कळतं, पदवीधर किती ते नाही. तो तपशील जिल्ह्यापर्यंतच मिळतो. श्रगने १९९१, २००१ आणि २०११ च्या जनगणना, आर्थिक गणना, सामाजिक-आर्थिक-जात गणनेवरून काढलेला दरडोई खर्चाचा अंदाज आणि रात्रीच्या दिव्यांची उपग्रहनोंद गाव आणि शहरांच्या एकाच किल्लीवर आणली आहे. २००८ आधीच्या आणि नंतरच्या विधानसभा मतदारसंघांच्या किल्ल्या स्वतंत्र दिल्या आहेत. निकालांशी जोडणी यामुळे कोडच्या काही ओळींत होते. बिगरव्यापारी वापरासाठी खुलं आहे.

ग्रामीण विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशासाठी हे उत्तम. मुंबई-पुण्यासाठी कमकुवत, कारण अख्खं शहर एका किल्लीखाली येतं आणि जुन्या उपग्रहांच्या प्रकाशनोंदी महानगरात कमाल मर्यादेला टेकलेल्या असतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ चा 'ठाणे' आणि आजचं ठाणे एक नव्हे. आणि २०२४ च्या मतदानाला २०११ ची गरिबी लावताना तेरा वर्षांचं अंतर तक्त्याखाली स्पष्ट लिहावं.

फॉर्म २०: शहरासाठी सर्वांत धारदार, सर्वांत कष्टाचं

टॉवर आणि चाळ वेगळी करायची असेल तर मतदान केंद्रापर्यंत उतरावं लागतं. फॉर्म २० हा अंतिम निकालपत्रक, केंद्रनिहाय. प्रत्येक उमेदवाराची मतं, नोटा, एकूण. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभानिहाय पीडीएफ मिळतात. पुष्कळशा स्कॅन केलेल्या आणि तिरक्या असतात. मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला देवनागरी ३ आणि ६, १ आणि ९ यांत गोंधळ होतो. उमेदवारांच्या मतांची बेरीज छापील बेरजेशी जुळते का, ही तपासणी प्रत्येक ओळीला लावली की बहुतेक चुका सापडतात.

फॉर्म २० मध्ये केंद्राची मतदारसंख्या नसते. पुष्कळ जण इथे अडकतात. ती त्या भागाच्या मतदारयादीच्या शेवटच्या पानावरच्या गोषवाऱ्यातून घ्यावी: पुरुष, महिला, तृतीयपंथी, एकूण. निवडणुकीच्या वेळची यादीच घ्यायची, नंतरची नाही. टपाली मतं निकालपत्रकात वेगळी येतात, केंद्रांत मिसळू नयेत. राज्यात आता १ लाखाहून जास्त केंद्रं आहेत आणि दर निवडणुकीला त्यांची फेररचना होते. मागच्या वेळचं केंद्र १४७ या वेळी १५२ असू शकतं, म्हणून क्रमांकाऐवजी इमारतीचं नाव आणि यादीतल्या वस्तीची नावं जुळवावीत.

केंद्राच्या वस्तीचं उत्पन्न कुठून आणायचं? नोंदणी विभागाच्या रेडी रेकनरमधून. विभाग आणि उपविभागनिहाय जमिनीचे, सदनिकांचे दर दरवर्षी जाहीर होतात आणि ऑनलाइन मोफत पाहता येतात. यादीतल्या सोसायट्यांची नावं नकाशावर टाकून केंद्राला दर जोडता येतो. धारावीसारख्या ठिकाणी मात्र ही युक्ती उलटते: जमीन महाग, राहणारा गरीब. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींचंही तेच. यादीतल्या पत्त्यांत 'चाळ', 'झोपडपट्टी', 'एसआरए', 'वसाहत', 'टॉवर' हे शब्द शोधून वस्तीचा दुसरा निकष ठेवावा, आणि दोन्ही निकष एकच सांगतात अशीच केंद्रं हिशेबात घ्यावीत. एका विधानसभेचं हे काम एका माणसाला आठवडाभर पुरतं.

यानंतरही छेदाचा प्रश्न उरतो. शहरी यादीत घर बदललेले, वारलेले आणि दुबार नावांचे मतदार साचून राहतात. भाडेकरू जिथे जास्त, तिथे साचणं जास्त. अशा केंद्रावर ४५ टक्के मतदान दिसलं, तर त्यात अनास्था किती आणि मेलेली नावं किती, हे वेगळं केल्याशिवाय रहिवाशांना दोष देणं अन्यायाचं आहे. पंचवीस-पन्नास घरांत यादी घेऊन फिरलं आणि यादीतले किती जण तिथे खरोखर राहतात हे मोजलं, तर छेद दुरुस्त करता येतो.

गावाकडे हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. २०१९ ची विधानसभा २१ ऑक्टोबरला होती, २०२४ ची २० नोव्हेंबरला, आणि लोकसभेचं मतदान एप्रिल-मेमध्ये, टोळ्या गावी परतलेल्या असतात तेव्हा. बीडच्या ऊसतोड कुटुंबाचं उत्पन्न आणि शिक्षण दोन्ही वेळी तेच असतं, पण एका तारखेला ते मतदान केंद्रापासून चालण्याच्या अंतरावर असतं, दुसऱ्या तारखेला कोल्हापूर, सोलापूर किंवा कर्नाटकातल्या फडावर. बीड, जालना किंवा अहिल्यानगरच्या स्थलांतरित गावांचा अभ्यास करणाऱ्याने लोकसभा आणि विधानसभा यांची केंद्रनिहाय टक्केवारी शेजारी-शेजारी ठेवावी, स्थलांतर न होणाऱ्या शेजारच्या गावांशी फरक ताडावा, आणि मगच उत्पन्नाचा कॉलम उघडावा.